पश्चिम टोकावरचे पावणेपाच

१

नात्सुको भट्टीच्या दारात अनवाणी उभी होती. तिच्या पायांखालून बाहेर अंगणापर्यंत दारू पसरली होती आणि दिव्याच्या उजेडात फरशी चकाकत होती. नाकामा मोटारसायकलवरून उतरला तेव्हा त्या वासानं त्याचे डोळे चुरचुरले.

"आत आहेत," ती एवढंच म्हणाली.

इरिमा गावात पोलीस म्हणजे एकटा नाकामा. चौकी तीच, घरही तेच. गावातले लोक त्याला नावानं क्वचितच हाक मारत. चौकीत राहणारा पोलीस म्हणून 'चुझाई-सान' म्हणत. दोन वर्षांत त्यानं हरवलेले घोडे शोधले होते, दारुड्यांना घरी पोचवलं होतं, वादळाआधी म्हाताऱ्यांची छपरं दोरांनी आवळली होती. मेलेला माणूस मात्र आजवर पाहिला नव्हता.

माएसो चोतोकु, ज्यांना सगळं गाव 'ओजी' म्हणजे आजोबा म्हणे, रांजणांच्या खोलीत शिडीच्या पायथ्याशी उताणे पडले होते. भोवती एका रांजणाची खापरं. वरच्या फळीवर त्या रांजणाची जागा रिकामी दिसत होती.

"आईसाठी ठेवलेला होता तो," मागून नात्सुको म्हणाली. "ती गेली त्या वर्षी भरला होता बाबांनी. आता सातवं वर्ष. इकडच्या रीतीप्रमाणे या महिन्यात तिची हाडं कबरीतून काढून त्याच दारूनं धुवायची होती."

डॉक्टर किशिमोतो पलीकडच्या गावातून गाडी हाकत आले. मूळचे क्योतोचे, मोजकं बोलणारे. त्यांनी गुडघे टेकून बराच वेळ तपासलं.

"शिडीवरून पडलेत. डोक्याला मार," ते उठत म्हणाले. मग नाकामाला बाजूला घेऊन हळूच पुढे म्हणाले, "पडल्याबरोबर गेले नाहीत हो. बराच वेळ धुगधुगी असणार. कुणी लगेच मला हाक मारली असती, तर विमानानं हलवता आलं असतं."

"म्हणजे अपघातच ना?"

डॉक्टरांनी बोट दाखवलं. ओजींच्या डोक्याखाली भट्टीतला पांढरा टॉवेल होता. नीट चौघडी घातलेला.

पडलेला माणूस स्वतःच्या डोक्याखाली उशी घेत नसतो. कुणीतरी इथं होतं. त्यानं म्हाताऱ्याचं डोकं उचलून टॉवेल सरकवला होता, आणि मग तो निघून गेला होता.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी नाकामा पहिल्यांदा गेला तो भट्टीला लागून असलेल्या दुकानात. फुमी आजी सोयाबीनचं पनीर कापत होती. ऐंशी वर्षांची, पण कान तिखट.

"खळ्ळकन् आवाज आला," ती म्हणाली. "मी म्हटलं, गेला एक रांजण. या चोतोकुला या वयात शिडीवर चढायची हौस! आता तो ओरडेल, मग मी जाऊन चार शब्द सुनवीन, असं मनात म्हणतेय, तोवर गाणं लागलं."

रोज संध्याकाळी पाच वाजता गावच्या भोंग्यावर एक गाणं वाजे. पोरांनी खेळ आवरून घरी जावं म्हणून. सगळं गाव त्या गाण्यावर हातातलं काम ठेवी.

"नक्की गाण्याच्या आधी?"

"अरे पोरा, गाणं लागलं की मी भात टाकते. तांदूळ धूत होते तेव्हा रांजण फुटला. मग गाणं. गाणं चालू असताना बाहेर एक गाडी सुटली."

"कुणाची?"

"गाडीच्या आवाजावरून माणूस ओळखायला मी काय मेकॅनिक आहे?"

भट्टीत काम करणारे तिघेच होते: ओजींची मुलगी नात्सुको, तिचा नवरा हिरोतो आणि जुना गडी कोएई. नात्सुको दुपारपासून पलीकडच्या गावात हाडं धुण्याच्या विधीची बोलणी करत नातेवाइकांकडे बसली होती. पाच बायका साक्षीला होत्या. राहिले दोघे.

ताकेनिशी हिरोतो घरजावई होता. बावीस वर्षं झाली तरी गाव त्याला 'माएसोंचा जावई' म्हणे, आणि म्हणताना किंचित हसे. नाहा शहरातल्या एका मोठ्या मद्य कंपनीला भट्टी विकावी म्हणून तो वर्षभर ओजींच्या मागे लागला होता, हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

"मी साडेचारच्या सुमाराला बाटल्यांची खोकी भरली आणि निघालो," तो म्हणाला. त्याचा चेहरा रात्रभरात उतरला होता. "ओजी आणि कोएई-सान आत होते. ओजी म्हणाले, शिडी काढ रे. कोएई-साननं काढली."

"मग तुम्ही कुठं गेलात?"

"असाच. गाडी घेऊन फिरत होतो."

"कुठं?"

"विमानतळाकडे. तिथं... नुसता बसलो होतो गाडीत."

"कुणी पाहिलं?"

"नाही."

नाकामानं त्याच्याकडे निरखून पाहिलं. हा माणूस काहीतरी लपवत होता, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. पण त्याहून मोठी गोष्ट वेगळीच होती. हिरोतो सरळसरळ खोटं बोलत होता, आणि ते खोटं आहे हे बेटावर एकाच माणसाला पक्कं माहीत होतं. खुद्द नाकामाला.

३

कारण काल गस्तीवर असताना त्यानं कोएईला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

पश्चिम टोकावर, दीपस्तंभाखालच्या कठड्यावर कोएई बसला होता. उत्तरेचा वारा, आभाळ गच्च भरलेलं, सूर्याचा पत्ता नाही. हवा स्वच्छ असली की इथून समुद्रापलीकडे तैवानचे डोंगर दिसतात. काल करडा पडदा होता. नाकामानं सवयीनं फोन काढून पाहिला होता. पावणेपाच. एवढ्यातच कसं अंधारून आलं, असं त्याला वाटलंही होतं. मग नाणी टाकायच्या यंत्रातून गरम कॉफीचे दोन डबे घेऊन तो कोएईशेजारी बसला. चांगला अर्धा तास बसला असेल. कोएईनं तोंडातून शब्द काढला नाही. पण तो एरवीही कुठं बोलत होता! तिथून नाकामा दक्षिणेच्या रस्त्यानं बेटाला वळसा घालत निघाला, वाटेत दोन ठिकाणी थांबला, आणि अंधारात नात्सुकोचा फोन आला.

ओताके कोएई पूर्वी मोठ्या माशांची शिकार करायचा. एका वादळात होडी गेली, होडीबरोबर धाकटा भाऊही गेला. नंतर ओजींनी त्याला भट्टीत घेतलं, राहायला मागची खोली दिली. बाहेरून आलेल्या नाकामाला या बेटावर पहिला मासा कुणी आणून दिला असेल, तर याच माणसानं.

कोएई मागच्या खोलीत गुडघ्यांत मान घालून बसला होता. नाकामा त्याच्यासमोर टेकला.

"कोएई-सान, विचारावं लागतं म्हणून विचारतो. हिरोतो-सान म्हणतात, साडेचारला तुम्ही आत होतात."

कोएईनं मान वर केली. डोळे लाल होते.

"पण मी तुम्हाला पावणेपाचला टोकावर पाहिलं," नाकामा पुढे म्हणाला. "आणि तेव्हा तुमच्या पायाशी सिगरेटची चार-पाच थोटकं होती. म्हणजे तुम्ही बराच वेळ आधी आला होतात. चारलाच निघाला असणार. हो ना?"

कोएई त्याच्याकडे बघत राहिला. इतका वेळ, की नाकामाला अवघडल्यासारखं झालं.

"हो," शेवटी तो म्हणाला.

एवढं झाल्यावर कोडं उरलंच कुठं? साडेचारला कोएई आत नव्हता, तर ओजींपाशी एकटा हिरोतो होता. रांजण फुटला, गाणं लागलं, गाडी सुटली. शेजारच्या इशिगाकी बेटावरून वरिष्ठ अधिकारी आले. नाकामानं त्यांना सगळं क्रमानं सांगितलं आणि शेवटी म्हणाला, "साक्षीदार मी स्वतः आहे." त्यावर कुणी काय बोलणार?

एक गोष्ट त्यानं सांगितली नाही. टोकावर कोएईच्या अंगाला दारूचा भपकारा येत होता. इकडे गाडी चालवताना दारू म्हणजे नोकरी जायची, परवाना जायचा. बिचाऱ्याच्या मागे आधीच थोडं का दुःख आहे, असं म्हणून नाकामानं ते पोटात ठेवलं. आपण दयाळूपणे वागलो, असंच त्याला तेव्हा वाटलं होतं.

४

हिरोतोला इशिगाकीला नेलं, चार दिवस विचारपूस केली आणि पुराव्याअभावी सोडून दिलं. गावानं मात्र सोडलं नाही. फुमी आजीनं त्याला दुकानात तंबाखू दिला पण हातात दिला नाही, फळीवर ठेवला. भोंग्याच्या खांबाखाली बसणारे म्हातारे तो दिसला की गप्प होत.

नात्सुको चौकीवर आली. ओल्या छत्रीचं पाणी दारातच निथळू देत उभी राहिली.

"तुम्ही खरंच पाहिलंत? कोएई-सानला?"

"पाहिलं."

"पावणेपाचला?"

"घड्याळ बघून सांगतोय मी."

"हिरोतो शपथेवर सांगतो की कोएई-सान आत होते."

तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मान हलवली आणि गेली. त्याच आठवड्यात हिरोतो एक पिशवी घेऊन फेरीबोटीत चढला. इशिगाकीच्या बंदरात माल उतरवायचं काम त्याला मिळालं, असं पुढे कानावर आलं. निरोप द्यायला धक्क्यावर कुणी गेलं नव्हतं.

नवं वर्ष आलं. नाकामाची बायको मिका पोरीच्या शाळेसाठी नाहात राहायची. रोज संध्याकाळी फोन करायची. एकदा ती म्हणाली, "तू परत त्या टोकावर आहेस ना?"

"तुला कसं कळलं?"

"तिथं असलास की तुझा फोन निराळाच वाजतो. लांब लांब, परक्यासारखा. मला वाटतं चुकून भलत्याच माणसाला लावला."

"वारा आहे इथं फार."

"वाऱ्यानं रिंग बदलते? पोलीस झालास कसा रे तू?"

तो हसला. तेवढ्यात गावाकडून वाऱ्यावर तरंगत भोंग्याचं गाणं आलं. पाच वाजले. स्पष्ट, एकेक सूर मोजावा असं.

नाकामाचं हसू ओठांवरच थांबलं.

"ऐकतोयस ना?" मिका विचारत होती.

त्या दिवशी पावणेपाचपासून अर्धा तास तो इथं, याच कठड्यावर बसला होता. कोएईशेजारी. दोघंही गप्प. मग पाचचं गाणं त्यानं का ऐकलं नव्हतं?

५

आधी त्यानं मनाची समजूत घातली. वारा उलटा असेल. भोंगा बिघडला असेल. पण वारा त्या दिवशीही उत्तरेचाच होता, आणि भोंगा वाजला होता हे तर फुमी आजीची सगळी साक्षच सांगत होती. नगरपालिकेतल्या बाईंनीही मान डोलावली. "एक दिवस चुकला तर पन्नास फोन येतात हो मला!"

म्हणजे गाणं वाजलं होतं. तो टोकावर होता. आणि तरीही ऐकलं नव्हतं. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतील, तर चौथी खोटी असायला हवी.

दुसऱ्या दिवशी चौकीतल्या भिंतीवरच्या घड्याळाशेजारी फोन धरून त्यानं वेळ ताडून पाहिली. तंतोतंत. मग टोकावर गेला. कडा वळसा घेतो तिथं गावचा टॉवर डोंगराआड जातो. कठड्यावर बसून त्यानं फोन बाहेर काढला.

फोनवर एक निरोप आला होता. चिनी अक्षरांत स्वागत. असले निरोप त्याला वसंतापासून येत होते. गावच्या मंडळींबरोबर तो पाहुणा म्हणून तैवानला हुआलिएनला जाऊन आला होता, तेव्हा तिथं फोन चालावा म्हणून रोमिंग सुरू केलं होतं ते तसंच राहिलं होतं. जाहिरात समजून तो ते पुसून टाकायचा. आज पुसला नाही. निरोपाच्या वरचं घड्याळ पाहिलं.

ते एक तास मागं होतं.

त्यानं फोन खाली ठेवला, मनगटावर आज मुद्दाम बांधलेलं जुनं घड्याळ पाहिलं, पुन्हा फोन उचलला. एक तास. इकडचा टॉवर दिसेनासा झाला की फोन समुद्रापलीकडचा टॉवर धरत होता, आणि तो टॉवर आपल्या देशाची वेळ सांगत होता. फोनला स्वतःची वेळ नसतेच. जवळ जो सांगेल ती त्याची वेळ. गावाकडे परतलं की घड्याळ गुपचूप मूळ जागी येत होतं, म्हणून इतके महिने काही कळलं नव्हतं.

त्या दिवशी पावणेपाच नव्हते. पावणेसहा होते. ढगांनी नव्हे, संध्याकाळ झाल्यानं अंधारलं होतं.

हिरोतो खरं बोलत होता.

नाकामा कठड्यावरून उठला. कोएईला निघून यायला, सिगरेटी ओढायला पाऊण तास तरी होता. पण तेवढ्यानं कोएई रांजण फुटताना तिथं होता असं होत नव्हतं. तो गाण्याआधीच निघून गेला असेल. कुणी सांगावं? नाकामा स्वतःला असं सांगत गावात आला आणि भट्टीवर गेला.

नात्सुको एकटी बाटल्यांना चिठ्ठ्या लावत होती.

"कोएई-सान कधीमधी पितात का?" त्यानं विचारलं.

"कोएई-सान?" तिनं विचित्र नजरेनं पाहिलं. "होडी बुडाली त्या दिवसापासून थेंब नाही. काम म्हणून चाखतात, तेही थुंकून टाकतात. गावजेवणात कप ओठाला लावतात आणि खाली ठेवतात. सगळ्यांना माहीत आहे. का?"

नाकामानं तोंड फिरवलं. टोकावर कोएईच्या तोंडाला वास येत नव्हता. कपड्यांना येत होता. आणि आता त्याला तेही आठवलं, जे त्यानं पाहूनही पाहिलं नव्हतं: कोएईच्या विजारीचे दोन्ही गुडघे भिजलेले होते. पाऊस नसताना.

त्या फरशीवर, वाहत्या दारूत गुडघे टेकून कुणीतरी म्हाताऱ्याच्या डोक्याखाली टॉवेल ठेवला होता.

६

कोएई खोलीत होता. नाकामाला पाहून तो उठला, उशी सरकवली, चहाची किटली ठेवू लागला.

"कोएई-सान, टोकावर माझा फोन एक तास मागं दाखवतो."

किटली हातात घेऊनच कोएई थांबला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"सगळ्या कोळ्यांना माहीत असतं," तो हळू आवाजात म्हणाला. "पश्चिमेला गेलं की फोन तैवानचा होतो. म्हणून आम्ही घड्याळ हातानं लावून ठेवतो. आपोआपवर ठेवत नाही."

"मग मी पावणेपाच म्हणालो तेव्हा तुम्ही गप्प का राहिलात?"

"तुम्ही इतक्या खात्रीनं म्हणालात..." कोएई खाली बसला. "मला वाटलं, देवानंच दिलं. दुसऱ्या दिवशी वाटलं, सांगून टाकावं. मग हिरोतोला नेलं. म्हटलं, तो सुटेल, मग सांगायची गरजच नाही. मग तो सुटला. मग तो गेला. रोज सकाळी उठतो, रोज ठरवतो."

"त्या दिवशी काय झालं?"

कोएईनं हात पुढे केले आणि त्यांच्याकडेच बघत बोलला.

"ओजी वर चढले. नात्सुकोच्या आईचा रांजण उतरवायचा होता. मी शिडी धरली होती. वरूनच ते म्हणाले, कोएई, मी हो म्हणालो रे, नाहावाल्यांना. हिरोतोला आज दुपारी सांगितलं. पोरं थकलीत, त्यांना मोकळं करतो. तुझीही काहीतरी सोय होईल." तो थांबला. "काहीतरी सोय. एवढ्या वर्षांनी. होडी गेली तेव्हा मला कुणी नव्हतं, ही भट्टी होती. मला राग आला. मी हात काढून घेतले. ढकललं नाही चुझाई-सान. नुसते हात काढून घेतले आणि मागं झालो. शिडी हलली."

बाहेर अंगणात बाटल्यांचा किणकिणाट चालू होता.

"जिवंत होते. माझ्याकडे पाहिलं त्यांनी. मी टॉवेल दिला, म्हटलं, डॉक्टरला आणतो. गाणं लागलं होतं. गाडीत बसलो. दवाखान्याकडे डावीकडे वळायचं. कुणाला काय सांगू, कोण म्हणेल हा अपघात, असं काहीतरी डोक्यात आलं आणि मी उजवीकडे वळलो."

"आणि मग मी आलो. कॉफी घेऊन."

"हो. तुम्ही विचाराल असं वाटलं. गुडघे पाहिलेत तुम्ही. मला वाटलं, आता विचारतील, विचारलं की सांगतो. तुम्ही म्हणालात, थंडी आहे, कॉफी घ्या."

नाकामानं डोळे मिटले. त्याला उद्देशून कोएईनं आरोप केला नव्हता. तेच त्याला सोसवेना.

कोएईनं अंगावर जाकीट चढवलं, खोलीतला दिवा विझवला. दाराबाहेर नात्सुको हातात बाटली घेऊन उभी होती. तिनं किती ऐकलं होतं ते तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. कोएई तिच्यासमोर जमिनीवर डोकं टेकून बसला. तिनं बाटली फार सांभाळून खाली ठेवली.

७

इशिगाकीला कळवून झाल्यावर, कोएईला विमानात बसवून झाल्यावर, नाकामा दवाखान्यात गेला.

"डॉक्टर, ओजी पडले पाचच्या आत. मी टोकावर होतो पावणेसहाला. त्या वेळी ते अजून..."

"ते मला विचारू नका," किशिमोतो म्हणाले.

"मला माहीत असायला हवं."

"नको. मी हो म्हणालो तर तुम्ही जगू शकणार नाही, आणि नाही म्हणालो तर तुम्ही विश्वास ठेवणार नाही." त्यांनी चष्मा काढून पुसला. "चहा घेता?"

नाकामानं चहा घेतला नाही.

बदललेल्या जबानीवर सही करायला हिरोतो फेरीनं आला. समुद्र खवळलेला होता. तो उतरला तेव्हा तोंड पांढरं पडलं होतं. धक्क्यावर सगळ्यांच्या देखत नाकामा कमरेत वाकला आणि वाकलेलाच राहिला.

"पुरे," हिरोतो म्हणाला. "लोक बघतात."

"विमानतळावर का बसला होतात, ते तुम्ही सांगितलं असतंत तर..." बोलता बोलता नाकामाची जीभ अडखळली. आत्ताही तो दुसऱ्याचीच चूक शोधत होता.

"ओजी त्या दुपारी हो म्हणाले होते. आधी नात्सुकोला मीच सांगीन, तू बोलू नकोस, म्हणाले. वर्षभर जे मागत होतो ते मिळालं, आणि मला रडूच आलं. ते काय कुणाला सांगायचं? ओजी गेल्यावर तर वाटलं, आता हे बोललो तर कोण खरं मानणार, सगळे म्हणतील मेलेल्याच्या नावावर खपवतोय." हिरोतोनं तोंड पुसलं. "तुमचा मला फारसा राग नाही. तुम्हाला इथं येऊन दोनच वर्षं झाली. तुम्ही घड्याळावर विश्वास ठेवलात."

मग त्यानं मान वळवली. धक्क्याच्या टोकाला नात्सुको उभी होती, हातात कापडात बांधलेला जेवणाचा डबा घेऊन.

चौकीवर सही झाली. गावातल्या म्हाताऱ्यांनी हिरोतोला चहाला बोलावलं. तो नको म्हणाला. फुमी आजीनं तंबाखूचं पाकीट त्याच्या हातात ठेवलं आणि हात सोडेना. त्यानं हळूच सोडवून घेतला. परतीची फेरी दुपारी होती. घराकडे जाणाऱ्या गल्लीकडे त्यानं एकदा पाहिलं आणि सरळ धक्क्याकडे चालू लागला.

नाकामा दूर, बर्फाच्या खोक्यांपाशी थांबला. नात्सुकोनं डबा दिला. हिरोतोनं घेतला. दोघं काहीतरी थोडं बोलले. वाऱ्यात ऐकू आलं नाही. ती वाकली. तोही वाकला, परक्या माणसापुढे वाकतात तसा. मग तो वर चढला, फेरीचा दोर सुटला, आणि तिच्यात आणि त्याच्यात हिरवं पाणी रुंदावत गेलं.

फेरी बंदराच्या भिंतीआड गेली तरी ती हलली नाही. शेवटी नाकामा जवळ गेला.

"परत येणार आहेत का?"

"मी विचारलं नाही." ती समुद्राकडेच बघत होती. "त्यानं शपथ घेतली होती माझ्यापुढे. मी ती घेऊन तुमच्याकडे आले, खरी आहे का म्हणून विचारायला. आता कुठल्या तोंडानं विचारू?"

"मी जाऊ का इशिगाकीला? मी त्यांना सांगतो, तुमच्या वतीनं..."

"नको." तिनं पहिल्यांदाच त्याच्याकडे वळून पाहिलं. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "चुझाई-सान, तुम्ही आता कुणाच्याही वतीनं काही सांगू नका."

ती गावाकडे चालू लागली. नाकामा तिथंच उभा राहिला, कारण तिच्यामागून त्याच वाटेनं जाण्याचा धीर त्याला झाला नाही.